पंचवीस टक्क्यांची सवलत: गोव्याचा वीजदर फायलीतून सुनावणीत कसा गेला

गोव्यात विजेचे दर वाढले की पुढचा क्रम ठरलेला असतो. बिल हातात पडतं, लोक वीज खात्याच्या नावाने बोटं मोडतात, विरोधी पक्ष पत्रक काढतो आणि सरकारकडून उत्तर येतं की दर आम्ही ठरवत नाही, जेईआरसी ठरवते. मग कुणीतरी विचारतंच: ही जेईआरसी आहे कोण, आणि तिला मत कुणी दिलं?

मत कुणीच दिलेलं नाही. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग हे तिचं पूर्ण नाव. अध्यक्ष आणि एक सदस्य एवढाच आयोग, कचेरी हरियाणात गुरुग्रामला. पुदुच्चेरी, चंडीगड, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचे दरही हाच आयोग ठरवतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक घरातल्या युनिटची किंमत गोमंतकीय मतदाराने कधी न पाहिलेल्या दोन माणसांच्या सहीने ठरते. लोकशाहीत हे बसतं का, याचं उत्तर नुसत्या तत्त्वाने देता येत नाही. आयोग नव्हता तेव्हा काय होत होतं ते आधी बघावं लागतं, आणि गोव्यापाशी त्याचं नमुनेदार प्रकरण आहे.

सही एकाची, पैसा सगळ्यांचा

३० सप्टेंबर १९९१ रोजी गोवा सरकारने अधिसूचना काढून नव्याने वीज घेणाऱ्या उद्योगांना पाच वर्षांसाठी दरात २५ टक्के सूट दिली. राज्यात कारखाने यावेत हा हेतू. त्या वेळी १९१० चा भारतीय विद्युत कायदा लागू होता आणि वीज विकणारं सरकारचं स्वतःचं खातं होतं. त्यामुळे दर ठरवणारा, वीज विकणारा आणि सूट देणारा एकच होता: सरकार.

३१ मार्च १९९५ रोजी ही सूट रद्द झाली. आधी जोडणी घेतलेल्यांची पाच वर्षं पुरी व्हायची होती का, यावर वाद सुरू झाला. मग १५ मे आणि १ ऑगस्ट १९९६ रोजी दोन अधिसूचना निघाल्या आणि पुढच्या दाराने गेलेली सूट मागच्या दाराने परत आली. या दोन अधिसूचनांमागे मंत्रिमंडळाचा निर्णय नव्हता आणि वित्त खात्याची संमतीही नव्हती. वीजमंत्र्यांच्या पातळीवर फाईल हलली आणि राजपत्रात छापून आली.

विरोधी बाकांवरचे मनोहर पर्रीकर १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले. २००१ मध्ये खंडपीठाने दोन्ही अधिसूचना रद्द केल्या. (तोवर याचिकादार स्वतः मुख्यमंत्री झाले होते, म्हणजे निकाल आला तेव्हा ज्या सरकारविरुद्ध याचिका होती त्याचे प्रमुख तेच.) २००२ मध्ये विधानसभेने सवलतीची पुढची देणी थांबवणारा आणि दिलेली रक्कम परत घेण्याची तरतूद करणारा कायदा केला. उद्योग सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ मे २०१० रोजी 'एमआरएफ लिमिटेड विरुद्ध मनोहर पर्रीकर' या प्रकरणात न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम केला, आणि २००२ चा कायदाही टिकला.

निकालाचा कणा समजून घेण्यासारखा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ खाली कामकाजाचे नियम केलेले असतात. तिजोरीवर भार टाकणारा निर्णय वित्त खात्याला विचारल्याशिवाय घेता येत नाही, आणि असा विषय मंत्रिमंडळापुढे जावा लागतो. एकट्या मंत्र्याची इच्छा म्हणजे सरकारचा निर्णय नव्हे. म्हणून त्या अधिसूचना पहिल्या दिवसापासूनच निरर्थक ठरल्या.

न्यायालयाने तपासलं काय, तर सही कुणाची होती. २५ टक्के हा आकडा योग्य होता का, १५ का नाही, हा भार कुणी उचलला, सूट मिळालेल्या कारखान्यांमुळे बाकीच्या ग्राहकांच्या युनिटवर किती पैसे चढले, यांतलं काहीही न्यायालयापुढे ठरायचं नव्हतं. ते न्यायालयाचं कामच नाही. शिवाय न्यायालय येतं ते काम होऊन गेल्यावर. १९९६ ते २०१० ही चौदा वर्षं आहेत. निवडून आलेल्या मंत्र्याने केलेली चूक निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी दुरुस्त केली, तीही पैसा जाऊन झाल्यावर. आयोगाकडे बघताना हे आधीचं चित्र डोळ्यांपुढे हवं. निर्णय पूर्वी लोकांच्या हातात होता आणि तो कुणी हिसकावून घेतला, असं झालेलं नाही. तो एका फाईलीत होता.

आज तीच सूट द्यायची झाली तर

२००३ चा विद्युत कायदा संसदेने केला. त्याच्या कलम ८३ खाली अनेक सरकारांना मिळून एक आयोग नेमता येतो. केंद्रशासित प्रदेशांसाठी असा आयोग २००५ मध्ये झाला आणि करार करून गोवा मे २००८ मध्ये त्यात गेला. अध्यक्ष-सदस्यांची मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते, आणि त्याच पदावर फेरनेमणूक नाही. ही शेवटची अट महत्त्वाची. पुन्हा नेमणूक मिळायची नसेल तर कुणाला खूश ठेवण्याचं एक मोठं कारण संपतं.

आता समजा, वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या नव्या कारखान्यांना २५ टक्के सूट द्यावी असं सरकारला वाटलं. पहिला रस्ता म्हणजे आयोगाला दरातच सूट ठेवायला सांगणं. तिथे कलम ६२(३) आडवं येतं. कुठल्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकतं माप देता येत नाही. फरक करता येतो तो लोड फॅक्टर (कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी लागलेला वाटा), व्होल्टेज, ठरावीक काळातला एकूण वापर, विजेची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि वापराचा हेतू यांवरच. रात्री दहानंतर वीज घेणाऱ्याला स्वस्त दर देता येईल, ३३ केव्हीवर घेणाऱ्याला ११ केव्हीपेक्षा कमी लावता येईल. 'कारखाना नवा आहे' हे कारण त्या यादीत नाही.

दुसरा रस्ता कलम ६५ चा, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. सरकारला एखाद्या वर्गाला सूट द्यायचीच असेल तर द्यावी, पण तिची भरपाई आगाऊ करावी. पैसे भरले नाहीत तर सरकारचा तो निर्देश लागूच होत नाही. धोरणविषयक निर्देश देण्याचा कलम १०८ चा अधिकार वापरूनही ही अट चुकवता येत नाही, कारण कलम ६५ मध्येच तसं लिहिलेलं आहे.

आकडे घालून बघू (आकडे केवळ उदाहरणाचे). एका कारखान्याचा वापर महिन्याला ५०,००० युनिट, दर ६ रुपये धरला तर बिल ३ लाख. २५ टक्के म्हणजे ७५ हजार, वर्षाला ९ लाख. असे ४० कारखाने असतील तर ३ कोटी ६० लाख. १९९६ च्या पद्धतीत ही रक्कम कुठल्याच कागदावर खर्च म्हणून उमटत नाही, खात्याचं उत्पन्न तेवढं कमी येतं आणि विषय संपतो. कलम ६५ च्या पद्धतीत ती अर्थसंकल्पात मागणी म्हणून यावी लागते. पर्वरीला विधानसभेत आमदार विचारू शकतात की ३ कोटी ६० लाख कारखान्यांना का, साखळी किंवा सांग्यातल्या शेतपंपांना का नाहीत. म्हणजे सूट देण्याचा लोकनियुक्त सरकारचा अधिकार शाबूत आहे. फक्त त्यावर किमतीची चिठ्ठी लागली.

खात्याच्या एका खिशातून दुसऱ्यात

इथवर कायदा ठाकठीक वाटतो. पण तो लिहिला गेला कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून, आणि गोव्यात वीज विकणारी कंपनीच नाही. वीज खातं हे सरकारी खातं आहे. मुख्य विद्युत अभियंत्यापासून लाईनमनपर्यंत सगळे सरकारी नोकर, महसूल राज्याच्या तिजोरीत, खर्च अर्थसंकल्पातून. कायद्याने सरकारला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही, ते परवानाधारक मानलंच जातं. त्यामुळे आगाऊ भरपाई म्हणजे सरकारने सरकारलाच दिलेले पैसे. खर्च आणि उत्पन्न यांतली तूट अर्थसंकल्पीय साहाय्यातून भरून निघेल, असा उल्लेख गोव्याच्या दर-आदेशांत येतो तो याच कारणाने.

याचा परिणाम वरवर दिसतो त्यापेक्षा खोल आहे. नियामकाचं खरं हत्यार म्हणजे खर्च नामंजूर करणं. खासगी कंपनीने गरजेपेक्षा महाग वीज घेतली किंवा गळती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवली, तर आयोग तेवढा खर्च दरात धरत नाही. फटका भागधारकांच्या नफ्याला बसतो आणि पुढच्या वर्षी व्यवस्थापन सुधारतं. गोव्यात आयोगाने खर्च नामंजूर केला तर तो राज्याच्या तिजोरीवर पडतो, म्हणजे वीज ग्राहक म्हणून वाचलेला माणूस करदाता म्हणून भरतो. निवडणुकीआधी खात्यात भरती झाली तर आयोग ती थांबवू शकत नाही, फार तर तिचा खर्च दरातून वगळील. नियामक बिननिवडणुकीचा आहे ही तक्रार नेहमी होते. आमच्या मते गोव्यापुरती मोठी अडचण ती नाही, त्याच्या दातांना चावायला योग्य जागा नाही ही आहे.

वाढ मागितली कुणी?

'दर जेईआरसीने वाढवले' हे वाक्य अर्धं खरं आहे. दरनिश्चितीचा अर्ज परवानाधारक करतो, आणि इथे परवानाधारक म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचं खातं. किती पैसे लागतील, कुठल्या वर्गाला किती वाढ, स्थिर आकार किती, हा प्रस्ताव खात्याचा. आयोग त्यात काटछाट करतो, कधी तसाच ठेवतो, कधी स्वतःचं काही घालतो. म्हणून दरवाढीचा पहिला पुरावा आदेशात शोधायचा नाही, अर्जात शोधायचा. अर्जातली वाढ आणि आदेशातली वाढ शेजारी ठेवली की दोष कुणाच्या पदरात घालायचा ते पाच मिनिटांत कळतं. गंमत म्हणजे हे काम फारसं कुणी करत नाही.

अर्जच न करणं हीही एक जुनी युक्ती. निवडणुकीच्या वर्षात वाढ मागायची नाही, तूट साठू द्यायची, निकाल लागल्यावर दोन-तीन वर्षांची एकदम मागायची. ११ नोव्हेंबर २०११ रोजी विद्युत अपीलीय न्यायाधिकरणाने (आयोगांच्या आदेशांवरची अपिलं इथे चालतात) देशातल्या सर्व आयोगांना सांगितलं की परवानाधारक वेळेत आला नाही तर स्वतःहून कार्यवाही सुरू करा. पण आयोगही माणसांचेच असतात. काही राज्यांत त्यांनीच वाढ पुढे ढकलत हजारो कोटींची वसुली साठू दिली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढत अशी साठवण वार्षिक महसुली गरजेच्या (वर्षाला दरातून वसूल करायच्या मंजूर रकमेच्या) ३ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवायला सांगितलं. निवडून यायचं नाही म्हणून माणूस निर्भीड होतोच असं नाही.

बिलातल्या ओळी एकदा नीट पाहिल्या तर जबाबदारी कशी वाटून दिलेली आहे ते दिसतं. स्थिर आकार आणि युनिटमागचा वीज आकार आयोगाच्या आदेशातून येतो. घरगुती वापराचे टप्पे १००, २००, ३००, ४०० आणि त्यापुढे असे आहेत, तेही तिथूनच. वीज शुल्क मात्र १९८६ च्या गोव्याच्या कायद्याखाली लागतं. तो कर आहे, आणि आयोगाला त्याला हात लावता येत नाही. ते कमी करायचं तर विधानसभेला आणि सरकारला गुरुग्रामला विचारावं लागत नाही. राहिली ती इंधन व वीजखरेदी खर्चाच्या समायोजनाची ओळ. गोव्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, बहुतेक वीज कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा केंद्रीय प्रकल्पांतून येते, त्यामुळे खर्चाचा सिंहाचा वाटा वीजखरेदीचा. कोळसा महागला की ही ओळ हलते. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हे समायोजन दरमहा आपोआप व्हावं असं ठरवलं. जाहिरात नाही, हरकत नाही, सुनावणी नाही, हिशेब वर्षाअखेरीस. लोकांचा आवाज सर्वांत जास्त दाबला गेला असेल तर तो इथे, आणि इथे निर्णय आयोगाचा नाही, निवडून आलेल्या केंद्र सरकारच्या नियमाचा आहे.

सुनावणीत काय चालतं, काय वाया जातं

वेळापत्रक असं असतं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून खात्याने त्याआधी चार महिने, नोव्हेंबर अखेरीपर्यंत अर्ज द्यायचा. अर्ज दाखल झाला की त्याचा गोषवारा वर्तमानपत्रांत छापायचा, लेखी हरकती मागवायच्या, गोव्यात येऊन जाहीर सुनावणी घ्यायची. अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश, असं कलम ६४ सांगतं. दर सहसा वर्षातून एकदाच बदलतो, इंधन समायोजनाचा अपवाद सोडून.

उशीर झाला तर त्याचीही किंमत असते. समजा वर्षाची तूट ६० कोटी आहे. आदेश एप्रिलपासून लागू झाला तर महिन्याला ५ कोटी वसूल करावे लागतात. ऑगस्टपासून लागू झाला तर आठच महिने उरतात, आणि तेवढेच पैसे काढायला महिन्याला साडेसात कोटी लागतात. खात्याने अर्ज उशिरा दिला, मधे आयोगाने माहितीतल्या त्रुटी काढल्या, सुनावणी लांबली, की बिलातली वाढ दीडपट दिसते, आणि लोकांना वाटतं नियामक निर्दय आहे.

सुनावणीतली भाषणं ऐकली तर बहुतेक वेळ दोन गोष्टींत जातो: 'दरवाढ रद्द करा' आणि 'आमच्या वाड्यावर दर पावसाळ्यात वीज जाते'. पहिलीला कायद्यात जागा नाही, कारण वाजवी खर्च भरून काढणं आयोगावर बंधनकारक आहे. दुसरी तक्रार खरी असते, पण तिचं दार वेगळं: आधी खात्याचं उपविभागीय कार्यालय, मग कलम ४२(५) खालचा ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. ग्रामसभेत ठराव करून तो सुनावणीत वाचून दाखवणाऱ्यांची तळमळ कळते. पण ठरावात आकडा नसेल तर आदेशात त्याची एका ओळीत बोळवण होते.

चालते ती हरकत अशी. अर्जातला तक्ता क्रमांक आणि पान द्यावं. उदाहरणार्थ कर्मचारी खर्च: गेल्या वर्षी मंजूर किती, प्रत्यक्ष किती, यंदा मागितला किती, आणि वाढ विनियमांतल्या सूत्राप्रमाणे आहे का. वितरण गळती: आयोगाने ठरवलेलं लक्ष्य आणि खात्याने दाखवलेली गळती यांतला फरक युनिटमध्ये काढावा, मग त्याला वीजखरेदीच्या सरासरी दराने गुणावं. गळती लक्ष्यापेक्षा १ टक्का जास्त आणि एकूण खरेदी ४०० कोटी युनिट असेल तर ४ कोटी युनिट, ५ रुपयांनी २० कोटी रुपये. हा आकडा मांडला की आयोगाला त्याला उत्तर द्यावं लागतं. क्रॉस-सबसिडी, म्हणजे एका वर्गाने जादा दर भरून दुसऱ्याचा भार उचलणं, बघावी: राष्ट्रीय दर धोरणाप्रमाणे प्रत्येक वर्गाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या अधिक-उणे २० टक्क्यांत यायला हवा. हॉटेल आणि कारखाने घरगुती ग्राहकाचा भार किती उचलतात ते इथे दिसतं, आणि छोट्या गेस्ट हाऊसवाल्याची तक्रार बहुधा याच तक्त्यात लपलेली असते. शेवटी मागणी एका वाक्यात: अमुक तक्त्यातले अमुक कोटी नामंजूर करावेत.

अडचण खरी आहे. अर्ज शेकडो पानांचा, इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेला. वर्तमानपत्रातला गोषवारा दोन रकान्यांचा. उद्योगांच्या संघटनांना सल्लागार परवडतात, म्हापशाच्या बाजारातल्या दुकानदाराला नाही. म्हणून सुनावणी सगळ्यांसाठी उघडी असली तरी तिथे वजन पडतं ते आकडे आणणाऱ्यांचं. कायद्याने सल्लागार समितीची तरतूद केली आहे, जास्तीत जास्त २१ सदस्य, त्यांत ग्राहक, शेती, कामगार, उद्योग, संशोधक यांचे प्रतिनिधी. आपल्या राज्यातून तिथे कोण बसतं हे विचारलं तर सांगता येणारे थोडेच निघतील.

लेखी हरकत पाठवताना पोच जपून ठेवावी. आदेशात हरकती, खात्याचं उत्तर आणि आयोगाचं मत अशी तीन भागांची मांडणी असते. आपला मुद्दा त्यात सापडला नाही किंवा उत्तराविना राहिला, तर फेरविचाराचा अर्ज आयोगापुढेच करता येतो. आदेशाविरुद्ध अपील दिल्लीच्या विद्युत अपीलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत, आणि तिथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात ६० दिवसांत. हे दिवस आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजतात, बिल आल्यापासून नाही. वाढीव बिल हातात पडेपर्यंत त्यांतला महिना बहुधा गेलेला असतो.